दाखला नको, रजा द्या : मुंबईतल्या शाळांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका शाळेच्या ऑफिसात उभी राहून मी माझ्या दोन्ही मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले घेतले. मुलगी तेव्हा सहावीत होती, मुलगा तिसरीत. दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. क्लार्कबाईंनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, आम्ही शाळा सोडत नाही आहोत, चार महिने बाहेर चाललोय, परत येणार आहोत. त्या जरा थांबल्या आणि 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहून सही-शिक्क्यासाठी कागद आत पाठवला. मी विनंती केली होती ती रजेची.

शाळेचं नाव इथे लिहीत नाही. त्या शाळेतल्या बाईंनी माझ्या मुलांना मनापासून शिकवलंय, आणि नंतर मुलुंड-ठाण्यातल्या इतर पालकांशी बोलल्यावर कळलं की नियम बऱ्याच ठिकाणी हाच आहे. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की पटावरून नाव कमी. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आम्ही पाच जण गेलो होतो. आम्ही दोघं, मुलं आणि माझ्या सासूबाई. सासूबाई वसईच्या, एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर त्या घराबाहेर पडायलाच तयार नव्हत्या. नवऱ्याला बिनपगारी रजा मिळाली, माझ्या बँकेने मला दीर्घ रजा दिली, आणि नवी गाडी घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे होते. मुलांची वयं अशी की अजून दहावीचं दडपण नाही. पुन्हा असा मेळ जमेल असं वाटलं नाही. ऑक्टोबरच्या मध्याला निघालो, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. राहिलो मेक्सिकोत, वाहाका नावाच्या शहरात.

तिथेच का, असं मला खूप जणांनी विचारलं. मुलीच्या शाळेत सहावीपासून स्पॅनिश आहे. शाळेच्या माहितीपत्रकात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा हवाला दिला आहे, आणि तो बरोबरच आहे. माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांची नावं त्या धोरणात आहेत, त्यात कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन यांच्याबरोबर स्पॅनिशही आहे. आठवड्याला दोन तास. स्पेनला जावं तर पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, आणि खर्चही झेपणारा नाही. मेक्सिकोत पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत राहू देतात. वाहाकात भाषा शिकवणाऱ्या छोट्या शाळा आहेत, सकाळी वर्ग घेतात, आणि स्थानिक घरात भाड्याने खोल्या मिळतात. आम्हाला मिळाल्या त्या घराला अंगण होतं आणि घरमालकीणबाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्याचा किती उपयोग झाला ते पुढे सांगते.

जायच्या आधी शाळेला मी दोन पानी पत्र दिलं होतं. पूर्ण वर्षाची फी आधी भरतो. पुस्तकं बरोबर नेतो. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी वजा केली तर बुडणारे दिवस पासष्टच्या आसपास. परत आल्यावर बुडलेल्या भागाची परीक्षा घ्या, कमी पडली तर आम्ही जबाबदार. उत्तर तोंडी आलं: तीस दिवसांच्या पुढे रजा देता येत नाही, प्रतीक्षायादी मोठी आहे, दाखला घ्या, आल्यावर जागा असेल तर बघू. बँकेने मला रजा देताना राजीनामा मागितला नाही. आठ वर्षांच्या मुलाकडे मात्र शाळेने तो मागितला, असंच मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आता मुलं काय शिकली ते सांगते. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मुलीच्या स्पॅनिशच्या पुस्तकात 'मे गुस्ता'चा अर्थ इंग्रजीत दिलेला होता, 'आय लाइक'. तिला तेव्हापासून कोडं पडलेलं की एक आंबा असला तर 'गुस्ता' आणि पुष्कळ असले की 'गुस्तान' कसं? आवड तर माझी आहे, मग आंबे किती यावर क्रियापद का बदलतं? तिने ते पाठ केलं होतं आणि परीक्षेत दर वेळी चुकत होती. वाहाकातल्या शिक्षिकेला इंग्रजी जेमतेम यायचं, त्यामुळे इंग्रजीचा आधारच सुटला. तिसऱ्या दिवशी मुलगी घरी आली ती ओरडतच, "आई, हे मराठी आहे!" मे गुस्ता एल मांगो, मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. 'मे' म्हणजे 'मला'. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, आपल्याकडे जातं तसंच. 'मे पारेसे' म्हणजे 'मला वाटतं'. तिने त्या दिवशी रोमन लिपीतली वही बंद केली आणि उच्चार देवनागरीत लिहायला घेतले, कारण स्पॅनिशचे 'त' आणि 'द' हे आपलेच दंत्य 'त' आणि 'द' आहेत, आणि देवनागरीत ते लिहिले की वाचताना चूक होत नाही. नामाला लिंग आहे, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, हे तिला कुणी समजवावं लागलं नाही. आपल्याकडे तीन लिंगं, तिथे दोनच.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतेय. मुंबईतल्या वर्गात स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात, समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठी, गुजराती नाहीतर हिंदी असते, आणि या सगळ्या भाषांत 'मला आवडतं' याची बांधणी स्पॅनिशसारखीच आहे. मुलाला जे घरून येतं तेच वर्गाबाहेर ठेवून आपण त्याला अवघड वाटेने नेतो. माझ्या मुलीला हे कळायला मेक्सिकोला जावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. तुमच्या शाळेत स्पॅनिश असेल तर कृपा करून हे तुमच्या शिक्षकांना सांगा. त्यासाठी कुणाला कुठे जायला नको.

मुलगा वहीतून शिकला नाही, बाजारातून शिकला. शहराच्या मधोमध बेनितो हुआरेस यांच्या नावाचा मोठा बाजार आहे. मी मोबाइलवरून भाव विचारायचं वाक्य पाठ केलं होतं, 'क्वांतो क्वेस्ता', किंमत किती. बाजारात ते चालायचं, पण तिथल्या बायका एकमेकींना विचारायच्या ते वेगळंच, 'आ कोमो?' 'कोमो' म्हणजे 'कसं'. मुलाने दोन दिवस कान देऊन ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी एका टोपलीपुढे जाऊन बेधडक विचारलं, "आ कोमो एल किलो?" सासूबाईंना स्पॅनिश येत नव्हतं. त्यांनी मला कोपराने ढोसलं, "म्हणजे आपलं 'कसे दिले', ना गं?" टोपलीत होते चिकू. अगदी घोलवडच्या स्टॉलवर मांडलेले असतात तसे, तपकिरी, अंगाला खरखरीत. तिथे त्यांना 'चिकोसापोते' म्हणतात. आपला 'चिकू' हा शब्द तिथून आलेला, आणि ते झाडही मूळचं तिथलंच. बाईने एक चिकू मधोमध कापला, अर्धा मुलाला दिला, अर्धा सासूबाईंना. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने आजीला यादी करायला लावली: मिरची, टोमॅटो, शेंगदाणा, मका, पेरू, पपई, सीताफळ, काजू. सगळं अमेरिका खंडातलं. मग आपण आधी काय खायचो, हा त्याचा प्रश्न दोन आठवडे पुरला.

या बेनितो हुआरेस यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगते. १८०६ साली वाहाकाच्या डोंगराळ भागात, सापोतेक ही तिथली मूळ भाषा बोलणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी शहरात आले तेव्हा त्यांना स्पॅनिश जेमतेम येत होती. पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. आमच्या घरमालकीणबाईंच्या आई अजून सापोतेकच बोलायच्या. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, हे माझ्या मुलांना नवीन नव्हतं. मुलगी एकदा म्हणाली, "त्यांची पण मुलं आपल्यासारखीच आहेत." मला ते फार मोलाचं वाटलं.

सासूबाईंची भाषा वेगळ्याच दाराने उघडली. स्वयंपाकघराच्या दाराची पट्टी निखळली होती. घरमालकीणबाई तिकडे बोट दाखवून म्हणत होत्या, "ला बिसाग्रा, ला बिसाग्रा." सासूबाई उठून उभ्याच राहिल्या, "बिजागरी?" वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, त्यांची भाषा स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिचे शब्द आपण रोज वापरतो. 'पगार' हा आपला शब्द. तिकडे 'पागार' म्हणजे पैसे देणं. आजींनी नातवंडांना हे शिकवलं तेव्हा शिकवणं आणि शिकणं एकाच टेबलावर चाललं होतं.

आणि आता नोव्हेंबरची पहिली तारीख. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे घरोघरी गेलेल्या माणसांसाठी मांडणी करतात. फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, ऊद, पाव, आणि जिकडे तिकडे झेंडू. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात असतो तोच झेंडू, तोही मूळचा मेक्सिकोचा. घरमालकीणबाईंनी सासूबाईंना खुणेने विचारलं, तुमचं कुणी? सासूबाईंच्या पाकिटात सासऱ्यांचा पासपोर्ट साइज फोटो होता. त्यांनी तो काढून दिला. घरमालकीणबाईंच्या वडिलांच्या फोटोशेजारी तो ठेवला गेला. मग त्यांनी मुलाला विचारलं, आजोबांना काय आवडतं ते ठेवू. मुलगा आठवून आठवून म्हणाला, "आ मि आबुएलो ले गुस्ता एल ते." माझ्या आजोबांना चहा आवडतो. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात दुरुस्ती केली, "ले गुस्ताबा." मुलाने आजीकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, "आवडायचा."

सासूबाईंनी आलं घालून चहा केला. कप फोटोपुढे ठेवला. दोन वर्षांत त्या सासऱ्यांबद्दल बोलल्या नव्हत्या, त्या रात्री बोलल्या, मुलं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये घरमालकीणबाईंना सांगत राहिली. अपूर्ण भूतकाळ कुठल्याही वर्गात असा शिकवता येणार नाही, हे शिक्षक म्हणून तुम्ही मान्य कराल.

अभ्यास बुडाला का? थोडा बुडाला. मुलाचे पाढे पंधराच्या पुढे कच्चे राहिले, ते आल्यावर महिन्याभरात झाले. गणितासाठी मुलीच्या मैत्रिणीची मदत झाली. मुंबई साडेअकरा तास पुढे, म्हणजे मैत्रीण संध्याकाळी सातला क्लासहून आली की आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असायचे. रोज अर्धा तास दोघी व्हिडिओ कॉलवर बसायच्या. मराठी सासूबाईंनी घेतलं, बालभारतीची पुस्तकं नेटवरून उतरवून. राज्यात २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे. माझ्या मुलांनी मराठी जितकी त्या चार महिन्यांत लिहिली तितकी आधी कधी लिहिली नव्हती. दुपारी तिथल्या मुलांच्या वाचनालयात जाऊन बसायची.

विज्ञानाचं एकच उदाहरण देते. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन मग दळतात आणि त्याच्या भाकऱ्या करतात. पहाटे ओल्या मक्याच्या बादल्या गिरणीपुढे रांगेत लागलेल्या असतात. मुलीच्या पुस्तकात जीवनसत्त्वांच्या अभावाचे आजार होते. तिने विचारून, वाचून वहीत लिहिलं: चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला, चुन्याची पद्धत मागे राहिली, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा आजार झाला. ते कशाच्या अभावाने होतं याचा उलगडा १९३७ साली झाला. अकरा वर्षांच्या मुलीने चार पानं लिहिली, गिरणीचं चित्र काढून. ती वही बघायला शाळेत कुणी मागितली नाही, कारण आम्ही परतलो तेव्हा ती कुठल्याच शाळेची विद्यार्थिनी नव्हती.

फेब्रुवारीत प्रवेश नाही, जूनला या. चार महिने दोघं घरी. जूनमध्ये मुलीच्या वर्गात एक जागा होती, ती मिळाली. मुलाच्या वर्गात नव्हती. तो आता भांडुपच्या शाळेत जातो, ती जुन्याच शाळेत. सकाळी दोन रिक्षा दोन दिशांना. मुलाने एकदा विचारलं, "मी काय केलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगी त्याच शाळेत पुन्हा स्पॅनिशच्या तासाला बसते, जी भाषा शिकायला गेली म्हणून पटावरून तिचं नाव गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, परदेशी जाणाऱ्या चार घरांसाठी नियम कशाला बदलायचे? हा प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी पालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. तिची आजी आजारी पडली म्हणून मायलेकी तीन महिने जालन्याकडे गावी होत्या. परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी आपल्या वर्गात, आपल्या बाकावर. बाईंनी तिला गावाकडची कपाशीची वेचणी वर्गात सांगायला लावली आणि मधल्या सुट्टीत बुडालेलं गणित घेतलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, आईबाप जिथे जातील तिथल्या शाळेत मुलाला बसता यावं आणि परतल्यावर आपल्या शाळेत यावं म्हणून. ती माणसं पोटासाठी जातात, आम्ही हौसेने गेलो, ही बरोबरी मी करत नाही. पण जे कमी फीच्या, जास्त पटाच्या, जास्त अडचणींच्या शाळा निभावतात, ते तुमच्या शाळांना जमणार नाही असं मला वाटत नाही. आणि नियम केलात तर तो फक्त विमानाने जाणाऱ्यांचा नसेल. आजी आजारी म्हणून कोकणात जाऊन राहणाऱ्या घराचाही असेल, वडिलांची सहा महिन्यांसाठी नागपूरला बदली झालेल्या मुलाचाही असेल.

माझं मागणं आठवीपर्यंतच्या मुलांपुरतं आहे. नववी-दहावीला बोर्डाच्या हजेरीच्या अटी असतात, त्यात मी पडत नाही. एका सत्रापर्यंत दीर्घ रजा असावी, त्या काळाची फी पालकांनी भरावी, आणि पटावर नाव राहावं. जाण्याआधी वर्गशिक्षिकेने काय करून आणायचं ते एका पानावर लिहून द्यावं, आल्यावर तपासावं. परदेशी भाषेचा पुरावाच हवा असेल तर स्पॅनिशच्या 'देले' परीक्षेत शाळकरी मुलांसाठी वेगळी पातळी आहे, ती द्यायला सांगा. मुलगी पुढच्या वर्षी देणार आहे.

भांडुपच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मुलाला बाजाराची गोष्ट वर्गात सांगायला लावली. आता मधल्या सुट्टीत त्याचे मित्र डबे उघडतात आणि एकमेकांना विचारतात, "आ कोमो?" मग एका पोळीच्या बदल्यात दोन भजी, असा सौदा होतो.

पुढच्या वर्षाची नियमपुस्तिका तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत छापायला देता. त्याआधी तुमच्यापैकी कुणाला या विषयावर बोलायचं असेल तर मी शाळेत यायला तयार आहे. मुलांच्या वह्या घेऊन येईन. सासूबाईही येतील. चार महिन्यांचा अभ्यास रोज कसा घेतला त्याचं त्यांनी तारीखवार टाचण ठेवलं आहे, शाळेत असताना ठेवायच्या तसंच, निळ्या शाईने.

आपली,
दोन मुलांची आई
मुलुंड पूर्व, मुंबई